सातव्या आवृत्तीतलं ‘आहे’

“मेलेल्याला हजर म्हणणं ही चूक आहे की नाही, बाई? तेवढंच सांगा.”

“चूक आहे.”

“मग सही का होत नाही?”

शालन वायंगणकर सुपात तांदूळ निवडत होत्या. एक खडा सापडला. तो त्यांनी खिडकीतून बाहेर टाकला.

विभास कुलथे पुण्याहून नऊ तासांचा प्रवास करून आडबंदरला आला होता. सड्यावरचं, गावावरच्या उघड्या कातळपठारावरचं, बाईंचं घर शोधण्यात आणखी तास गेला होता. बस म्हटलं तरी तो उभाच होता.

पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी ‘नांगर’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली. फुकट, कुणीही घ्यावी अशी. पाण्याच्या पंपात, शीतगृहात, इस्पितळातल्या खाटेशेजारच्या डब्यात ती चालायची. एकदा बसवली की तिची कुणाला आठवणही होत नसे. तिची सातवी आवृत्ती सगळ्यांत जास्त पसरली.

त्या आवृत्तीसोबत बाईंनी एक वचन दिलं होतं. आज जे जसं चालतंय, ते उद्याही तसंच चालेल. दुरुस्त्या आपोआप येत राहतील, पण जुनी वागणूक बदलणारी दुरुस्ती बाईंच्या सहीशिवाय आपोआप एकाही यंत्रात जाणार नाही; ती यंत्रापाशी जाऊन हातानेच बसवावी लागेल.

विभास ‘नांगर’साठी दुरुस्त्या लिहायचा, आणि त्याची ही दुरुस्ती नेमकी तशी होती.

सातव्या आवृत्तीत एक खोट होती. एखाद्या प्रोग्रामने सिस्टीमला विचारलं, ‘अमका प्रोग्राम आहे का?’, तर ती सांगायची, ‘आहे.’ तो अमका बंद पडून कितीही वर्षं झालेली असोत, पुसून टाकलेला असो, एकदा तो तिथे होता एवढं तिला पुरायचं. ती सांगायची, ‘आहे.’

ही खोट विभासनेच शोधून काढली होती. सहा महिन्यांपूर्वी एका इस्पितळात रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम मध्येच बंद पडला. इशारा देणारा दुसरा प्रोग्राम दर मिनिटाला विचारत राहिला, तो आहे का? सिस्टीम दर मिनिटाला सांगत राहिली, आहे.

इशारा वाजला नाही.

“एक माणूस गेला, बाई.”

“नाव काय त्यांचं?”

विभासने बॅगेतून कागद काढले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं…

“गजानन पोफळे,” बाई म्हणाल्या. “एसटीत कंडक्टर होते. बस आता.”

तो बसला.

“त्या इस्पितळात आपण त्याच आठवड्यात दुरुस्ती बसवली,” बाई म्हणाल्या. “बाकी जेवढी इस्पितळं माहीत होती, त्यांना फोन केले.”

“जी माहीत नाहीत, त्यांचं काय? तुमची सही होईपर्यंत तिथे आणखी कुणी गेलं तर?”

“तर ते माझ्यामुळे.”

हे त्यांनी तांदळावरची नजर न काढता सांगितलं. विभासला राग आला. हे इतक्या सहज कसं बोलता येतं, असं त्याला वाटलं.

“पडवीत झोप,” बाई म्हणाल्या. “सकाळी सहाला खाडीवर जायचंय. अंगात काहीतरी गरम घाल.”

*

जानेवारीचं धुकं खाडीवर असं बसलं होतं की जेट्टीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं.

मग भोंगा वाजला.

लांब, खालच्या सुरातला. तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवायचा. मग दोन मिनिटं काही नाही. मग पुन्हा.

खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक होते. मासेमारी करून परतणाऱ्या होड्या धुक्यात त्या भोंग्याच्या आवाजावर आत यायच्या. दुसरी खूण नव्हती.

जेट्टीवर एक म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. जनाबाई कुबल. तिचा नवरा एका होडीवर होता, मुलगा दुसऱ्या.

“किती बाहेर आहेत?” बाईंनी विचारलं.

“सात.”

“धुकं फार आहे आज.”

“भोंगो वाजता मां?” जनाबाई म्हणाली. “मग येतले.”

“कोण वाजवतं तो?” विभासने विचारलं.

तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं.

“राखणदार. आणि कोण?”

जेट्टीच्या मागे टेकाडावर एक दगडी खोली होती. तिथवर चाळीसेक पायऱ्या. लोखंडी दार, आत माणसाएवढी हवेची टाकी, टाकीवर काटा असलेली तबकडी, आणि भिंतीला एक छोटा डबा. डब्यात ‘नांगर’ची सातवी आवृत्ती. बाईंनी डब्याला स्क्रीन जोडला. त्यावर दर दोन मिनिटांनी दोनच ओळी उमटत होत्या.

राखणदार आहे का?

आहे.

आणि भिंती थरथरवत भोंगा वाजायचा.

“ज्या इलेक्ट्रिशियनने हे बसवलं, त्याने टाकीवर लक्ष ठेवायला एक प्रोग्राम लिहिला,” बाई म्हणाल्या. “हवेचा दाब फार वाढला तर टाकी फुटते. म्हणून त्याने भोंग्याला सांगून ठेवलं, टाकीजवळ राखणदार असेल तरच वाज. नसेल तर गप्प राहा.”

विभासने लॅपटॉप जोडला. थोडा वेळ शोधलं. पुन्हा शोधलं.

“बाई, राखणदार नावाचं इथे काही नाहीच.”

“अकरा वर्षांपूर्वी डिस्क बदलली. नव्या डिस्कवर त्याचं फक्त नाव आलं, तो आला नाही.”

“पण मग हे…”

राखणदार आहे का?

आहे.

विभासने मागे वळून पाहिलं. मागे टाकी होती आणि उघडं दार. दारात धुकं.

“तुझी दुरुस्ती इथे आली तर काय होईल?” बाईंनी विचारलं.

“सिस्टीम ‘नाही’ म्हणेल.”

“आणि?”

“…भोंगा गप्प होईल.” मग त्याचा आवाज पुन्हा चढला. “पण त्यात काय आहे? आधी इथे नवा राखणदार लिहायचा. खराखुरा. मग दुरुस्ती घालायची.”

“त्यासाठीच तुला आणलं. अशा एक्केचाळीस जागा आहेत. एक शीतगृह, एक लिफ्ट, दोन शाळांच्या घंटा, काय काय. चाळीस ठिकाणचं काम झालं. ही शेवटची तुझ्यासाठी ठेवली.” बाई दाराशी गेल्या. “नऊपर्यंत होड्या आत येतात. त्यानंतर कर. तोवर हात लावू नकोस.”

त्या पायऱ्या उतरून गेल्या.

*

विभास थांबला नाही.

त्याने हिशेब केला. दोन भोंग्यांच्या मध्ये दोन मिनिटं. दुरुस्ती बसायला वीस सेकंद. नवा राखणदार नऊ ओळींचा, तो त्याने बसल्या बसल्या लिहूनही टाकला. पुढचा भोंगा वाजायच्या आत सगळं उरकेल, आणि बाई वर येतील तेव्हा काम झालेलं असेल.

भोंगा वाजला. त्याने दुरुस्ती घातली. मग राखणदार सुरू केला.

राखणदार उभा राहिला नाही. टाकीची जुनी तबकडी आपले आकडे भलत्याच रीतीने पाठवत होती. ते त्याला वाचता येईनात.

राखणदार आहे का?

नाही.

भोंगा वाजला नाही.

इतका वेळ विभासला लाटांचा आवाज आला नव्हता. तो आता आला. त्यात मिसळून लांबून होड्यांच्या इंजिनांची टकटक येत होती. त्यातलं एक इंजिन थांबलं. मग दुसरं. मग बाकीचीही एकेक करून थांबली. ती का थांबली हे त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. भोंगा ऐकू यावा म्हणून त्यांनी ती बंद केली होती.

सात होड्या धुक्यात गप्प उभ्या होत्या आणि कान देऊन ऐकत होत्या.

राखणदार आहे का?

नाही.

तो दुरुस्ती काढायला गेला. काढण्याची सोय त्याने ठेवलीच नव्हती. इतकी उघड चूक सुधारल्यावर पुन्हा कोण कशाला मागे नेईल, असं त्याने ती लिहिताना म्हटलं होतं. तो पुन्हा राखणदाराकडे वळला.

धुक्यातून कुणीतरी हाक मारली. “ओ…”

दुसरीकडून दुसरी हाक आली. ती जवळून आली की लांबून, ते सांगता येत नव्हतं.

राखणदार आहे का?

नाही.

दहा मिनिटं गेली. पाच वेळा ‘नाही’ आलं. सहाव्या खेपेला नवा राखणदार उभा राहिला. ‘आहे’ उमटलं, आणि भोंगा असा वाजला की विभासच्या हातातून लॅपटॉप सुटला.

त्याच्यामागे टाकीने एक लांब सुस्कारा सोडला. नव्या राखणदाराने जागं होताच पहिलं काम केलं होतं, टाकीची झडप उघडून हवा सोडायचं. तबकडीचा काटा तांबड्या रेघेवरून हळूहळू खाली येत होता.

बाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या होत्या, कुणास ठाऊक.

“किती दिवस तिथे टेकला होता तो…” त्या काट्याकडे बघत म्हणाल्या.

विभासला त्या एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

होड्या आल्या. साडेआठपर्यंत सहा आल्या. सातवी, जनाबाईच्या मुलाची, नऊला आली. तिच्या डाव्या अंगाला एक फळी हातभर खरवडून निघाली होती. मुलगा उतरला. जनाबाईने त्या फळीवरून हात फिरवला, आणि टेकाडावरच्या खोलीकडे पाहिलं.

“आज राखणदार खंय गेल्लो?” तिने विचारलं.

विभास तिच्यापासून दोन हातांवर उभा होता.

*

“सही करू नका, बाई.”

घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. समोर ठेवलेली पेज निवून गेली होती.

“एक्केचाळीस झाल्या,” तो म्हणाला. “पण आणखी असतील. ज्या आपल्याला माहीत नाहीत.”

“एक आहे.”

सातव्या आवृत्तीवरचं प्रत्येक यंत्र रात्री बाराला दिवसभराची एक चिठ्ठी पाठवायचं. कोणता प्रश्न किती वेळा विचारला गेला, उत्तर काय मिळालं, ज्याच्याबद्दल विचारलं तो खरंच चालू होता का, एवढंच तिच्यात असे. यंत्र कुठलं, कुणाचं, हे त्यात नसे. ते कधीही विचारणार नाही, असंही बाईंचं वचन होतं. त्या चिठ्ठ्यांवरून कळलं होतं, की बेचाळीस यंत्रं मेलेल्यांची चौकशी करतात. एक्केचाळीस जणांचा पत्ता माणसांना विचारून विचारून लागला. बेचाळिसाव्याचा लागला नव्हता.

बाईंनी त्याची चिठ्ठी उघडून दाखवली. दर दहा मिनिटांनी एकदा. दिवसाला एकशे चव्वेचाळीस वेळा.

आई आहे का?

आहे.

विभास त्या ओळीकडे बघत राहिला.

“मुख्य प्रोग्रामला कुणी मालक म्हणतं, कुणी आई,” तो म्हणाला. हे तो बाईंना सांगत नव्हता.

“हो.”

“काय चालतं त्याच्यावर?”

“माहीत नाही.”

“आणि कुठे आहे…”

“सहा महिने ‘नांगर’ वापरणाऱ्यांना पाठवतो त्या प्रत्येक पत्रकात विचारलं. तुमच्याकडे आई नावाचं काही आहे का. कुणी बोललं नाही.”

“मग त्याच्यापुरतं जुनंच उत्तर राहू दे.”

“त्याला ओळखायचं कशावरून? पोफळ्यांच्या खाटेशेजारचंही ‘आई आहे का?’ असंच विचारत होतं. शब्दाला शब्द.”

“तर मग थांबू या. आणखी सहा महिने.”

बाईंनी लॅपटॉप पुढ्यात ओढला.

“बाई, तिथे भोंगा बंद पडला तेव्हा मी खोलीत होतो. नीट करायला निदान एक माणूस होता. या बेचाळिसाव्यापाशी कुणीच नसलं तर?”

“खरं आहे.”

“तुम्हीच मला हे दाखवायला खाली नेलंत.”

“हो.”

“मग…”

बाई एकेक अक्षर टाइप करत होत्या. त्यांच्या सहीचा परवलीचा शब्द लांब होता. मध्ये एकदा चुकला. त्यांनी तो पुसला आणि पुन्हा सुरुवातीपासून टाइप केला. विभासचा हात पुढे झाला आणि हवेतच थांबला.

सही झाली.

बाई उठून मोरीत गेल्या. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. त्या हात धूत होत्या.

*

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती सगळीकडे पोचली. विभास पुण्याला परत गेला नाही. त्याने पडवीतच मुक्काम केला.

दोन दिवसांत तीन इस्पितळांतून फोन आले. कधी न वाजलेले इशारे वाजले होते. नर्स धावल्या होत्या. सोलापूरकडच्या एका डॉक्टरला बोलताना हुंदका आला, आणि मग त्याने फोन ठेवून दिला. विभासने तिन्ही रुग्णांची नावं विचारून घेतली आणि वहीत लिहिली.

शीतगृह चालू होतं. लिफ्ट चालू होती. खाडीवर भोंगा रोज सकाळी वाजत होता.

बेचाळिसाव्याची चिठ्ठी आली, ती सहीनंतरच्या पहिल्या पूर्ण दिवसाची.

आई आहे का?

नाही.

विचारल्याची संख्या शहाऐंशी हजार चारशे.

विभासने आकडा दोनदा वाचला. दर दहा मिनिटांनी नव्हे. दर सेकंदाला. पूर्ण दिवसभर.

दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी तशीच आली. शहाऐंशी हजार चारशे. तो जेवायला बसला आणि तसाच उठला. जेवताना, अंघोळ करताना, काहीही करताना त्याचं मन सेकंद मोजत होतं, आणि प्रत्येक सेकंदाला कुठेतरी तो प्रश्न विचारला जात होता आणि त्याला उत्तर मिळत होतं. ते उत्तर त्याने लिहिलेलं होतं. ते खरं होतं.

“याला काहीतरी सांगता नाही येणार?” त्याने बाईंना विचारलं. “एकदाच. कसंही करून?”

“काय सांगायचं?”



तिसऱ्या दिवशी शहाऐंशी हजार चारशे.

चौथ्या दिवशी एकतीस हजार दोनशे सात.

विभासने कागदावर भागाकार केला. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं, सात सेकंद. तिथे विचारणं थांबलं होतं. त्या वेळी तो विहिरीवर दात घासत होता, आणि समोर आंब्याच्या मोहोरावर माश्या घोंगावत होत्या. ते त्याला स्वच्छ आठवलं.

पाचव्या दिवशी चिठ्ठी आली नाही. त्यानंतरही आली नाही.

तो फोनपाशी बसून राहू लागला. येणारी प्रत्येक ईमेल तो उठून उघडायचा. कुणी सिस्टीम कशी बसवायची ते विचारत होतं, कुणी आभार मानत होतं. वर्तमानपत्रं तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. लहान अक्षरातल्या बातम्या, तालुक्यांच्या, वाड्यांच्या. काय शोधतोय हे त्याला सांगता आलं नसतं.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी दुपारी बाई ओट्यावर बसल्या होत्या. सड्यावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि लांबपर्यंत एकही माणूस दिसत नव्हता. विभास येऊन त्यांच्यापासून थोडा दूर बसला.

“एकही तक्रार आली नाही, बाई.”

बाईंनी पदराला चिकटलेलं गवताचं कुसळ काढून टाकलं.

“बारा दिवस झाले. काही बिघडलं असतं तर एव्हाना कळलं असतं. एखादी पडीक जागा असेल. यंत्र आपलं चालू राहिलं असेल, एवढंच.” तो थांबला. “तक्रार आली असती ना, बाई?”

बाई सड्याकडे बघत होत्या…

“तक्रार करायला माणूस लागतो,” त्या म्हणाल्या.